परका ठेवण्याची किंमत

परदेशातून येऊन वसणाऱ्या माणसांचा प्रश्न पश्चिम युरोपात आणि अमेरिकेत आता निवडणुकांचे निकाल ठरवू लागला आहे. या वादात दोन्ही बाजूंनी जे बोलले जाते ते ठाम असते, पण तपासलेले क्वचितच असते. एक पक्ष म्हणतो की, हे लोक आमच्यात मिसळत नाहीत, आमची भाषा शिकत नाहीत, सरकारी मदतीवर जगतात आणि आमच्या गरीब कामगाराची मजुरी पाडतात. दुसरा पक्ष या साऱ्या आक्षेपांवर वंशद्वेषाचा शिक्का मारून मोकळा होतो. पहिल्याला पुराव्याची गरज वाटत नाही आणि दुसऱ्याला उत्तराची. या कोलाहलात काही विद्यापीठांनी गेल्या तीन-चार दशकांत शांतपणे जे संशोधन केले, त्याकडे राज्यकर्त्यांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. त्या संशोधनाचे सार असे की, परका माणूस नव्या समाजात मिसळतो की नाही, हे केवळ त्याच्या संस्कृतीवर अवलंबून नसते. तो ज्या राज्यात येतो ते राज्य त्याला कोणत्या नियमांनी वागवते, यावरही ते फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. त्या नियमांत अन्याय असेल तर त्याची किंमत परक्याबरोबरच त्या देशातला करदाताही मोजतो. क्वचित मजुरालाही ती मोजावी लागते.

या विषयाचे संशोधन अवघड आहे. ज्यांना नागरिकत्व मिळाले त्यांची मिळकत अधिक आहे, असे आकडे कोणत्याही देशात सापडतील. परंतु नागरिकत्व मिळाले म्हणून मिळकत वाढली, की ज्यांची मिळकत, भाषा आणि ओळखीपाळखी आधीच चांगल्या होत्या त्यांनाच नागरिकत्व मिळाले, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. खरे उत्तर हवे असेल तर सर्व बाबतींत सारखी, पण एकाच बाबतीत वेगळी अशी माणसे शोधावी लागतात. प्रयोगशाळेत उंदरांचे असे दोन गट करता येतात. माणसांचे करता येत नाहीत. मात्र कधीकधी कायदा, न्यायालय किंवा इतिहासातला एखादा अपघातच असे दोन गट पाडून देतो. डेव्हिड कार्ड, जोशुआ अँग्रिस्ट आणि गुइडो इंबेन्स या तिघांना २०२१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते अशा अपघातांतून ज्ञान काढण्याच्या कामाबद्दलच.

स्वित्झर्लंडची मतपेटी

असा एक विलक्षण प्रयोग स्वित्झर्लंडने नकळत करून ठेवला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशाच्या कारखान्यांना आणि बांधकामांना माणसे कमी पडू लागली, तेव्हा प्रथम इटलीतून, पुढे स्पेन, युगोस्लाव्हिया आणि तुर्कस्तान येथून मजूर आणण्यात आले. त्यांपैकी अनेकांना मोसमी परवाना मिळे. वर्षातून फार तर नऊ महिने काम करायचे, मग परत जायचे आणि कुटुंब बरोबर आणायचे नाही, अशी त्याची अट होती. ज्यांनी मुलांना चोरून आणले त्यांची मुले दिवसभर खोलीत लपून राहत. स्विस समाज आज त्यांना ‘कपाटातली मुले’ म्हणून ओळखतो. माणसांचे श्रम हवेत पण माणसे नकोत, हे धोरण इतक्या उघडपणे फार थोड्या लोकशाही देशांनी राबविले असेल. १९७० च्या जूनमध्ये परदेशी लोकांचे प्रमाण दहा टक्क्यांवर रोखावे असा प्रस्ताव सार्वमताला टाकण्यात आला. तो पडला, तरी सुमारे ४६ टक्के मतदारांनी त्याच्या बाजूने कौल दिला होता. हे मतदार सर्व पुरुष होते, कारण स्विस स्त्रियांना संघराज्याच्या पातळीवर मताधिकार मिळाला तोच मुळी १९७१ मध्ये!

स्विस नागरिकत्व मिळविण्यासाठी संघराज्य, प्रांत आणि नगरपालिका या तिघांचीही संमती लागते. काही नगरपालिकांत ही संमती गुप्त मतदानाने दिली जात असे. अर्जदाराचे वय, मूळ देश, व्यवसाय, वास्तव्य अशी माहिती असलेले पत्रक घरोघर पोहोचे आणि गावचे मतदार एकेका अर्जावर होय किंवा नाही असा शिक्का मारीत. मार्च २००० मध्ये लुझर्न प्रांतातील एमेन गावाने ५६ जणांपैकी ४८ जणांना नकार दिला. ज्यांना होकार मिळाला ती कुटुंबे इटालियन होती. नाकारलेल्यांपैकी बहुतेकजण पूर्वाश्रमीच्या युगोस्लाव्हियातले होते. प्रकरण संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै २००३ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, नकार द्यायचा तर त्याचे कारण दिले पाहिजे, आणि मतपेटी कारण देऊ शकत नाही. म्हणून ही पद्धत घटनाबाह्य आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील येन्स हाइनम्युलर आणि झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील डॉमिनिक हँगार्टनर या संशोधकांनी या जुन्या मतदानांची कागदपत्रे मिळविली आणि सुमारे २,४०० अर्जांवरील मतदानाचा निकाल अर्जदारांच्या माहितीशी ताडून पाहिला. त्यांचा २०१३ चा निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता. अर्जदाराला भाषा किती येते, तो गावात किती मिसळला आहे, त्याची आर्थिक स्थिती कशी आहे, यांपैकी कशाहीपेक्षा तो कोणत्या देशातून आला आहे यावरच त्याचे भवितव्य ठरत होते. इतर सर्व बाबतींत सारखे असलेल्या अर्जदारांत, उत्तर व पश्चिम युरोपातील श्रीमंत देशांतून आलेल्यांपेक्षा युगोस्लाव्हिया व तुर्कस्तान येथून आलेल्यांना पडलेल्या नकारार्थी मतांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होते. ‘त्यांनी आमच्यात मिसळावे, मग आम्ही त्यांना आपले म्हणू’ ही अट तोंडी होती. मतपेटीत उमटली ती जन्मभूमी.

न्यायालयाच्या निर्णयानंतर अनेक नगरपालिकांनी हा अधिकार मतदारांकडून काढून निवडून आलेल्या परिषदांकडे सोपविला. परिषदेचे सभासद त्याच गावचे, त्याच मतदारांनी निवडलेले. त्यांचे पूर्वग्रह काही वेगळे असण्याचे कारण नव्हते. फरक पडला तो एवढाच की, नकार देताना त्यांना कारण लिहून द्यावे लागे आणि त्या कारणाविरुद्ध दाद मागता येई. सुमारे १,४०० नगरपालिकांच्या १९९१ ते २००९ या काळातील नोंदी तपासल्यावर या दोघा संशोधकांना असे आढळले की, मतदारांऐवजी परिषद निर्णय घेऊ लागताच नागरिकत्व मिळण्याचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी वाढले; आणि ज्या गटांना पूर्वी सर्वाधिक डावलले जात होते त्यांच्या बाबतीत ही वाढ सर्वांत मोठी होती. पूर्वग्रह नाहीसे करणे कोणत्याही सरकारच्या हाती नसते. पण ‘कारण लिहा’ एवढी एक अट घातली की पूर्वग्रहाला कार्यालयात बसायला जागा उरत नाही. सरकारी कचेरीत फायलीवर शेरा लिहिण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना या निष्कर्षाचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न पुढचा आहे. नागरिकत्व हे मिसळण्याच्या प्रवासाच्या शेवटी चढविण्याचा मुकुट आहे, की त्या प्रवासाला वेग देणारे साधन? मुकुट असेल तर तो उशिरा आणि कठोर परीक्षेनंतर द्यावा. साधन असेल तर तो लवकर द्यावा. या प्रश्नाचे उत्तरही त्या मतपेट्यांतूनच निघाले. काही अर्जदार मूठभर मतांनी स्वीकारले गेले, काही मूठभर मतांनी नाकारले गेले. काठावरच्या या दोन गटांत योग्यतेचा फरक जवळजवळ नव्हता. फरक होता तो दैवाचा. त्यांच्या पुढील आयुष्याचा मागोवा घेतल्यावर असे दिसले की, ज्यांना नागरिकत्व मिळाले त्यांनी राजकारणात व सामाजिक जीवनात अधिक भाग घेतला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पुढील १५ वर्षांत त्यांची वार्षिक मिळकत सरासरी सुमारे ५,००० डॉलरनी अधिक राहिली. हा लाभ सर्वांत जास्त झाला तो सर्वाधिक उपेक्षित गटांना. दारावरच्या पाटीवरचे नाव किंवा अंगाचा रंग पाहून जो मालक परक्याला परत पाठवितो, त्याला पारपत्र हे निदान एवढे सांगते की हा माणूस उद्या निघून जाणार नाही. नागरिकत्व हे निव्वळ बक्षीस आहे, हे मत त्यामुळे टिकत नाही.

सक्तीची रिकामटेकडी वर्षे

नागरिकत्व ही पुढची पायरी झाली. त्याच्या आधी काम करण्याची परवानगी लागते. युरोपातील अनेक देश आश्रय मागणाऱ्यांना आल्यानंतर काही काळ नोकरी करू देत नाहीत. स्थानिकांच्या नोकऱ्या वाचाव्यात आणि देश फार आकर्षक वाटू नये, हा त्यामागचा हेतू. जर्मनीत २००० साली एका न्यायालयीन निर्णयामुळे ही बंदी कमी झाली. साहजिकच त्याच्या थोडे आधी आलेल्या आणि थोडे नंतर आलेल्या युगोस्लाव्ह निर्वासितांना वेगवेगळा काळ थांबावे लागले. माणसे तीच, युद्ध तेच, देश तोच. फरक सुमारे सात महिन्यांचा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले की, ज्यांना हे सात महिने जास्त थांबावे लागले त्यांच्यात पाच वर्षांनंतरही कामावर असलेल्यांची संख्या शंभरांमागे सुमारे वीसने कमी होती. ही दरी भरून यायला दहा वर्षांपर्यंत काळ गेला. अभ्यासलेल्या गटापुरताच हिशेब केला तरी मदतीवरचा खर्च आणि बुडालेला कर मिळून जर्मन करदात्याला वर्षाला सरासरी सुमारे चार कोटी युरोंचा भुर्दंड पडला.

स्वित्झर्लंडचा अनुभवही निराळा नाही. आश्रयाच्या अर्जाचा निर्णय लागण्यास एक वर्ष अधिक लागले तर पुढे कामावर असलेल्यांचे प्रमाण शंभरांमागे चार ते पाचने घटते, असे २०१६ च्या अभ्यासात आढळले. मूळ प्रमाणच कमी असल्यामुळे ही घट १६ ते २३ टक्क्यांची ठरते. अर्ज मंजूर होईल की नाही याची वाट पाहत बसलेला सुतार वर्षभरात आपले कसब विसरतो असे नव्हे. पण त्याची उमेद खचते. भाषा शिकण्याचे प्रयोजन उरत नाही, ओळखी जुळत नाहीत आणि सरकारी मदतीवर जगण्याची सवय त्याच्या गळी उतरविली जाते. पुढे तोच समाज म्हणतो, ‘पाहा, या लोकांना कामच नको असते!’ ज्याला संस्कृतीचा दोष म्हणून दाखविले जाते, त्याचा काही भाग तरी टेबलावर पडून राहिलेल्या अर्जाचा दोष असतो.

मजुराच्या पोटाचा प्रश्न

तथापि एवढ्याने प्रश्न मिटत नाही. परक्याला न्याय देण्याच्या भरात देशातल्या गरीब कामगारावर अन्याय होतो काय, हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर मिळाले पाहिजे. १९८० च्या एप्रिलमध्ये कॅस्ट्रो यांनी मारिएल बंदर खुले केले आणि काही महिन्यांत सुमारे सव्वा लाख क्यूबन माणसे बोटींतून फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागली. मायामी शहरातील कामगारांची संख्या जवळजवळ एका फटक्यात सात टक्क्यांनी वाढली. डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये मायामीची तुलना अटलांटा, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस आणि टँपा या शहरांशी केली; तेव्हा अकुशल कामगारांच्या मजुरीवर किंवा बेकारीवर जाणवण्यासारखा परिणाम त्यांना दिसला नाही. हार्वर्डचे जॉर्ज बोर्हास स्वतः बालपणी क्यूबातून अमेरिकेत आलेले. त्यांनी २०१७ मध्ये तेच आकडे पुन्हा मांडले आणि शालेय शिक्षण अपुरे राहिलेल्या पुरुषांची मजुरी १० ते ३० टक्क्यांनी घसरली, असा दावा केला. यावर इतरांनी दाखवून दिले की, बोर्हास यांनी निवडलेला गट फारच लहान होता आणि त्याच सुमारास पाहणीतील कृष्णवर्णीयांचे प्रमाण वाढल्यामुळे त्या गटाची घडणच बदलली होती. हा वाद विद्वानांत अजून पुरता शमलेला नाही. पण सव्वा लाख माणसे आल्याने मायामीचा कामगार देशोधडीला लागला, असे म्हणायला आधार सापडत नाही, एवढे निश्चित.

नेमका उलटा अनुभव आला तो जर्मनीच्या सरहद्दीवर. पूर्व युरोपचा लोखंडी पडदा उठल्यावर १९९१ मध्ये जर्मनीने सरहद्दीलगतच्या जिल्ह्यांत झेक कामगारांना काम करण्याची मुभा दिली, मात्र वस्ती करण्याची दिली नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील ख्रिस्तियान डस्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखविले की, या ठिकाणी स्थानिक मजुरी थोडी उतरली आणि स्थानिकांचा रोजगार बराच घटला. आधी कामावर असलेल्यांना काढण्यात आले, असे मोठ्या प्रमाणावर घडले नाही. नव्याने काम शोधणाऱ्यांना ते मिळेनासे झाले. मायामीत जे झाले नाही ते येथे का झाले? एक कारण उघड आहे. मायामीला आलेला क्यूबन तेथेच राहिला. त्याने भाड्याने घर घेतले, किराणा भरला, मुलांना शाळेत घातले आणि तो जितकी कामे करू लागला तितकीच कामे त्याच्या गरजांनी निर्माणही केली. झेक मजूर सकाळी आला, काम करून मजुरी घेऊन गेला आणि ती त्याने सरहद्दीपलीकडे खर्च केली. ज्याला फक्त मजूर म्हणून आत घेतले आणि माणूस म्हणून बाहेर ठेवले, त्याचाच भार स्थानिकांवर अधिक पडला. डेन्मार्कमध्ये १९८६ ते १९९८ या काळात निर्वासितांना देशभर वाटून वसविण्यात आले होते. तेथे कमी शिकलेले स्थानिक कामगार कालांतराने अंगमेहनतीची कामे सोडून वरच्या कामांकडे सरकले आणि त्यांची मजुरी वाढली, असे मेटे फोगेद आणि जोव्हानी पेरी यांच्या २०१६ च्या अभ्यासात दिसून आले.

सरासरी आणि न्याय

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हे सर्व आकडे सरासरीचे आहेत, आणि सरासरी म्हणजे न्याय नव्हे. देशाची एकूण मिळकत वाढली म्हणून ज्या वस्तीतल्या शाळेत एका वर्गात दुप्पट मुले बसतात त्या वस्तीचे समाधान होत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीने २०१६ च्या अहवालात म्हटले आहे की, परदेशातून आलेल्या पहिल्या पिढीचा भार, विशेषतः मुलांच्या शिक्षणाचा, राज्ये आणि स्थानिक संस्था यांच्यावर पडतो. पण तीच मुले मोठी झाली की देशाच्या तिजोरीत सर्वाधिक भर घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. म्हणजे खर्च आजचा आणि गावाचा, लाभ उद्याचा आणि देशाचा. हा लाभ जर गावापर्यंत परत पोहोचविला नाही तर तेथील गरिबाचा राग परक्यावरच निघणार. त्या रागाला वंशद्वेष म्हणून झिडकारणे सोपे असते; शाळेला दोन शिक्षक अधिक देणे कठीण असते.

दुसरी गोष्ट अशी की, देशाने किती माणसे घ्यावीत या प्रश्नाचे उत्तर कोणतेही विद्यापीठ देऊ शकत नाही. तो निर्णय त्या त्या समाजाचा आहे आणि लोकशाहीत तो तसाच असला पाहिजे. विद्यापीठ एवढेच सांगू शकते की, ज्यांना आत घेतले त्यांना अर्धवट आत ठेवणे हे सर्वांत महागडे धोरण आहे. ‘राहू द्या, पण काम करू देऊ नका’, ‘काम करू द्या, पण वसू देऊ नका’, ‘वसू द्या, पण आपले म्हणू नका’, ही तिन्ही सूत्रे युरोपात पन्नास वर्षे वापरून झाली आणि तिन्हींची किंमत आता मोजून झालेली आहे. जर्मनीने २०२४ मध्ये नागरिकत्वासाठीची वास्तव्याची अट आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आणली आणि दुहेरी नागरिकत्व मान्य केले, हे त्या हिशेबाचे उशिरा आलेले भान म्हणता येईल. मात्र विशेष मिसळलेल्यांना तीनच वर्षांत नागरिकत्व देण्याची त्याच कायद्यातील सवलत २०२५ मध्ये मागे घेण्यात आली. हिशेब कळणे आणि तो मतदारांसमोर मांडण्याचे धैर्य असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढाच याचा अर्थ.

मुंबईच्या परप्रांतीयांच्या वादाशी या साऱ्याची थेट तुलना करणे योग्य होणार नाही. बिहारहून वा ओरिसाहून आलेला मजूर परदेशी नाही. देशात कोठेही राहण्याचा हक्क त्याला घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने दिलेला आहे. तरीही एका बाबतीत साम्य नाकारता येत नाही. परप्रांतातून आणल्या जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ मध्ये केंद्राने स्वतंत्र कायदा केला, कंत्राटदारांना परवाना घेणे सक्तीचे केले. आणि २०२० च्या टाळेबंदीत लक्षावधी माणसे पायी गावाकडे निघाली तेव्हा त्यांची विश्वासार्ह यादी सरकारच्या हाती नव्हती. त्यांच्या श्रमांवर इमारती उभ्या राहिल्या होत्या. शिधापत्रिका मात्र बहुतेकांची गावीच होती. मराठी कामगाराचे हित कशात आहे, याचा विचार करतानाही मायामी आणि जर्मन सरहद्द यांतील फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ज्याला किमान वेतन, नोंदणी आणि शिधा मिळतो असा परप्रांतीय शेजाऱ्याची मजुरी पाडू शकत नाही. ज्याला यांपैकी काहीच मिळत नाही तोच ती पाडतो. स्थानिकांचे खरे संरक्षण परक्याला कमी हक्क देण्यात नसते. कायद्याने ठरलेल्यापेक्षा कमी पैशांत कोणालाही राबविता येणार नाही, अशी व्यवस्था करण्यात ते असते.

न्याय ही मिसळून गेलेल्याला शेवटी देण्याची बिदागी आहे, अशी समजूत आजवर होती. विद्यापीठांतील संशोधनाने हा क्रम उलटा असल्याचे दाखविले आहे. अर्जाचा निर्णय वेळेत लागावा, नकाराचे कारण लिहिलेले असावे, सारख्या कामाला सारखे दाम असावे, आणि गावावर पडणाऱ्या भाराचा वाटा देशाने उचलावा. या चार गोष्टींत दयाबुद्धीचा प्रश्न येत नाही. हा साधा जमाखर्च आहे. परक्याने आपले व्हावे अशी ज्या समाजाची इच्छा आहे, त्याने त्याला परका ठेवण्याचे नियम आधी आपल्या दप्तरातून काढले पाहिजेत.